मामाचा रकाना

माझं पोट चुका शोधण्यावर चालतं. जळगावच्या औद्योगिक वसाहतीत एका डाळमिलच्या शेजारी आमचं ऑफिस आहे. जिन्यावर बारा महिने तुरीच्या टरफलांचा धुरळा असतो, आणि वर गेलं की वीस-बावीस माणसं मान खाली घालून परदेशातल्या शास्त्रीय मासिकांची पानं कॉम्प्युटरला समजतील अशी बांधत बसलेली दिसतात. शीर्षक कुठं सुरू झालं, कुठं संपलं, लेखक किती, तक्ता कोणता, संदर्भ कोणता, अशा प्रत्येक तुकड्याच्या आगेमागे एक खूण घालायची. त्या खुणांना टॅग म्हणतात आणि अशा फाईलला एक्सएमएल. फाईल तयार झाली की ती माझ्याकडे येते आणि मी ती स्कीमाशी लावून बघतो.

स्कीमा म्हणजे नियमावली. कोणता टॅग कोणाच्या पोटात बसेल, कोण आधी, कोण नंतर, कोण आलाच पाहिजे, कोण नाही आला तरी चालेल, तारीख कशी लिहायची, हे सगळं तिच्यात आधीच ठरवून ठेवलेलं असतं. तपासणारा प्रोग्रॅम फाईल वाचत जातो आणि जिथं ती नियमाशी जुळत नाही तिथं लाल अक्षरांत ओळ क्रमांक देतो. तुमचं वय, शिक्षण, घराणं त्याला काही कळत नाही. मला त्याचं हेच आवडायचं. आपल्याकडे काम अडलं की माणूस आधी ओळखीचा कोण निघतो ते बघतो. इथं ओळख चालत नाही.

कामावर नव्यानं येणाऱ्यांना मी पहिल्याच दिवशी एक गोष्ट सांगतो. प्रोग्रॅम जी ओळ दाखवतो तिथं तो अडखळलेला असतो. चूक तिथंच झालेली असते असं नाही. चाळिसाव्या ओळीत उघडलेला टॅग बंद करायचा राहिला तर तो बोंब मारतो नव्वदाव्या ओळीवर. म्हणून लाल ओळ दिसली की तिच्यावर खेकसू नका, मागे जा. हे मी इतक्या जणांना शिकवलं, आणि माझ्यावर वेळ आली तेव्हा मीच विसरलो.

घरी माझ्या या स्वभावाचा त्रास होतो. बायको म्हणते, भाजीत मीठ कमी पडलं तर हा माणूस मीठ कमी म्हणणार नाही, ओळ क्रमांक सांगेल. तिचं खरं आहे. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ मला लांबून दिसतं.

आमच्या समाजाची वधू-वर सूची दरवर्षी निघते. धुळे आणि जळगाव, दोन्ही जिल्ह्यांतली. दिवाळीनंतर प्रत्येक तालुक्यातला कार्यकर्ता फॉर्म गोळा करतो, संक्रांतीच्या सुमारास पुस्तक छापून होतं आणि पुढची लग्नसराई त्याच्यावर चालते. घरात मुलगी लग्नाची असली की ते पुस्तक महिनाभर वापरून वापरून मऊ पडतं. काही वर्षांपूर्वी त्यात मोठे घोटाळे झाले. एका मुलाचा फोटो दुसऱ्याच्या माहितीवर चढला, आणि धुळ्यात मुलीकडचे लोक पोहे खात बसले असताना चहाचा ट्रे घेऊन भलताच मुलगा बाहेर आला. त्यावर लोक हसले. पण दुसऱ्या एका नोंदीतला ‘घटस्फोटित’ हा शब्द छपाईत गळाला होता आणि तो साखरपुड्यानंतर कळला. त्यावर कोणी हसलं नाही.

समितीचे अध्यक्ष माझ्या वडिलांच्या वयाचे. त्यांना सगळे नाना म्हणतात. ते स्वतः माझ्या घरी आले आणि म्हणाले, तू परक्या देशाच्या चुका काढतोस, जरा घरच्या काढ. मी हो म्हटलं, पण एक अट घातली. अपुरी नोंद छापायची नाही, मग ती अध्यक्षांच्या नातवाची असली तरी. नानांनी मान हलवली आणि पुढच्या बैठकीत माझी अट इतिवृत्तात लिहून घेतली.

एका रविवारी जुना छापील फॉर्म शेजारी ठेवून मी सूचीचा स्कीमा लिहिला. नाव, जन्मतारीख, उंची, शिक्षण, नोकरी, कुळ, आणि मग मामेकुळ. आमच्याकडे सोयरीक जुळवताना नावानंतरचा पहिला प्रश्न असतो, मामा कुठले? मामाचं आडनाव आणि गाव कळलं की दहा मिनिटांत दोन्हीकडचे चार नातेवाईक सापडतात. आणि चौकशीचा पहिला फोन मुलीच्या बापाला जात नाही, मामाला जातो. बाप लेकीचं कौतुकच करणार. मामा बहिणीच्या घरातलं खरं काय ते सांगतो, असा समज आहे. म्हणून मी मामाचे तीन रकाने केले, आडनाव, गाव आणि फोन. ‘कमीत कमी किती’ याच्यापुढे हात न थांबता एक लिहिला. म्हणजे मामा नसेल तर फाईल नापास.

आपल्या लोकांना मी ओळखतो. सक्तीचा रकाना दिसला की ते तिथं रेघ ओढतात, नाहीतर तीन शून्यं देतात, नाहीतर ‘लागू नाही’ लिहून मोकळे होतात. मी त्या सगळ्या वाटा आधीच बंद केल्या. रेघ चालणार नाही, शून्य चालणार नाही, ‘नाही’ हा शब्द चालणार नाही. पहिल्या वर्षी पुस्तकात एक चूक निघाली नाही. नानांनी शाल आणि नारळ दिला, आणि ती शाल मी बरेच दिवस खुर्चीच्या पाठीवर टाकून ठेवली होती, हे कबूल करतो.

दुसऱ्या वर्षी चोपड्याहून आलेल्या फाईलमध्ये एक नोंद अडकली. मुलगी बी.एस्सी. झालेली, केळीची रोपं तयार करणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला. बाकी सगळं व्यवस्थित, मामाच्या रकान्यात रेघ. मी परत पाठवली. चोपड्याचे कार्यकर्ते निवृत्त शिक्षक, गरीब स्वभावाचे. त्यांनी रेघ काढून ‘नाही’ लिहिलं. पुन्हा नापास. तिसऱ्यांदा त्यांनी ‘माहिती उपलब्ध नाही’ असं लांबलचक लिहून बघितलं. नियमांत नुसता ‘नाही’ बंद होता, म्हणून हे सुटलं असतं, पण मीच ते वाचलं, आणि चिडून त्यांना निरोप धाडला की समाजात मामा नसलेली मुलगी मी अजून पाहिली नाही, नीट चौकशी करून भरा.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी, दुपारच्या सुट्टीत, एक बाई ऑफिसात आल्या. चाळिशीच्या पुढच्या असतील. डोक्यावर पदर, हातात प्लास्टिकची फाईल. आमच्याकडे कोणी चपला काढत नाही, त्यांनी जिन्यावर काढल्या होत्या. चोपड्याहून एस.टी.नं आल्या होत्या. त्या मुलीची आई, असं त्यांनी सांगितलं, आणि मी खुर्ची दिली तरी आधी उभ्यानंच बोलल्या.

“भाऊ, मन्ही पोरले मामा नही शे. माले भाऊ नही, माय नही, बाप नही. जे नही ते मी कसं लिखू?”

मग बसल्या आणि बाकीचं हळूहळू सांगितलं. त्या धुळ्याच्या एका अनाथाश्रमात वाढलेल्या. कोणी आणून सोडलं, कुठून आणलं, याची कुठंच नोंद नव्हती. त्यांच्या नवऱ्याचा एक पाय लहानपणापासून अधू, म्हणून त्याला समाजातून मुलगी मिळेना, म्हणून त्याच्या घरच्यांनी आश्रमातून सून आणली. कन्यादान तिथल्या बाईंनी केलं. नवरा भला निघाला. चार बिघे केळी आहे, मुलगी शिकली. आता मुलीचं लग्न करायचं तर सूचीत नाव पाहिजे, आणि सूचीत नाव यायचं तर मामा पाहिजे. एवढीच त्यांची गोष्ट होती.

मला त्यांना फाईल दाखवावीशी वाटली. का, ते माहीत नाही. बहुधा अडवणारा मी नाही, यंत्र आहे, हे दाखवायचं असेल. मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली, तपासणी चालवली. एकच लाल ओळ आली. त्यांनी पुढं वाकून अक्षर अक्षर लावत ‘मामा’ हा शब्द वाचला आणि विचारलं,

“हाऊ कायदा कोनी करा, भाऊ?”

मी म्हटलं, समितीनं. तो कायदा मी केला होता, एका रविवारी, चहा पिता पिता. एकाच्या जागी शून्य लिहिलं असतं तर तिथल्या तिथं, त्या समोर बसलेल्या असताना, सगळं मिटलं असतं. मी ते केलं नाही. बैठकीत विषय मांडतो, असं म्हटलं. त्यांनी चहा घेतला नाही, पाणी घेतलं, आणि जाताना माझ्या तोंडाकडे न बघता एवढं बोलल्या, “तुमना कायदा बराबर व्हई. पन मी तरी काय चुकनी?” चपला घालून जिना उतरल्याचा आवाज मी ऐकला आणि डबा उघडला.

बैठक धुळ्याला होती. मी उठून म्हटलं, मामाचा रकाना ऐच्छिक करू या. नावगाव न सांगता कारणही सांगितलं. मला वाटलं होतं, दोन मिनिटांचं काम आहे. पण खोलीत आधी कुजबुज झाली आणि मग एकेक जण बोलायला लागला. एकजण म्हणाला, मामा नाही म्हणजे आईचं मूळ कळत नाही, आणि पुस्तक विकत घेणाऱ्याला ते कळायचा हक्क आहे. दुसऱ्यानं सुचवलं, अशा मुलींसाठी शेवटी वेगळं पान ठेवू. त्यानं ते दयेच्या सुरात सांगितलं, आणि मला त्याचाच जास्त राग आला. मी आवाज चढवला. तेव्हा नानांनी शांतपणे इतिवृत्ताची वही मागवली आणि माझीच अट मला वाचून दाखवली. अपुरी नोंद छापायची नाही, मग ती कोणाचीही असो. माझे दात माझ्याच घशात गेले. नाना वाईट माणूस नाहीत. वही मिटताना त्यांनाही बरं वाटलं नसावं, कारण नंतरच्या जेवणात त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

परतीच्या बसमध्ये पारोळा मागे पडेपर्यंत मी भांडणातली माझीच वाक्यं मनात सुधारत बसलो होतो. मग कधीतरी उजेड पडला. हा रकाना मुलीविषयी नव्हताच. मुलीची उंची, शिक्षण, नोकरी तिच्या तिच्या रकान्यांत होती. मामाचा रकाना आईची तपासणी होती. आई कुठली, कोणाची, आपल्यातली की नाही, हे विचारायचं तोंडानं जमत नाही म्हणून लोक मामा विचारतात. पिढ्यान् पिढ्या विचारत आले, आणि निदान तोंडी विचारत होते तोवर एखादा भला माणूस विषय बदलू शकत होता. मी तो प्रश्न यंत्रात घातला आणि पळवाटा बुजवल्या. लाल ओळ चोपड्याच्या नोंदीवर येत होती आणि चूक बसली होती माझ्या स्कीमात. मला त्या बसमध्ये स्वतःची लाज वाटली.

छापखान्यात फाईल द्यायचा दिवस आला. सगळ्या नोंदी पास, एक नापास. ती काढून टाकायची, असा समितीचा ठराव होता. भर दुपारी, आजूबाजूला सगळे काम करत असताना, मी ती नोंद उघडली आणि मामाच्या आडनावात माझं आडनाव लिहिलं. गावात माझं गाव लिहिलं, पारोळ्याकडचं. फोनमध्ये माझा नंबर. मग तपासणी चालवली. एकूण त्रुटी, शून्य.

ती शून्याची ओळ दिसली की मला आयुष्यभर बरं वाटत आलं आहे. त्या दिवशी मी स्क्रीन बंद केली आणि खाली जाऊन डाळमिलच्या फाटकाशी चहा घेतला. प्रोग्रॅमची काही चूक नव्हती. रकाना भरला आहे का, एवढंच तो बघतो. भरलेलं खरं आहे का, हे त्याला कोणी विचारलेलं नसतं. मी कोणाला काही सांगितलं नाही. नानांना नाही, घरी नाही. आणि ज्यांच्या नात्यात मी न विचारता शिरलो होतो, त्या बाईंनाही नाही. मला तेव्हा ती एका रिकाम्या जागेची सोय वाटत होती.

पुस्तक निघालं. महिनाभरानं धुळ्याहून एका गृहस्थांचा फोन आला. अतिशय सभ्य बोलणं. मुलासाठी चोपड्याची एक मुलगी बघतोय, प्रयोगशाळेत काम करते, पुस्तकात मामा म्हणून तुमचं नाव आहे, जरा माहिती द्या. मी म्हटलं, हो, मीच मामा. मुलगी हुशार आहे, आईवडील कष्टाळू आहेत. यातलं खोटं काही नव्हतं. तेही खूश झाले, आणि सहज, बोलण्याच्या ओघात, आपल्याकडे विचारतात तसं त्यांनी विचारलं,

“सख्खे की चुलत?”

‘सख्खा’ म्हटलं असतं तर दोन अक्षरांत काम झालं असतं. पण समोरचा माणूस त्याच्या मुलाचं आयुष्य माझ्या शब्दावर ठेवत होता, आणि घटस्फोटित हा शब्द गळालेली ती जुनी नोंद माझ्या डोळ्यांसमोर आली. मी सांगितलं की मी रक्ताचा मामा नाही. मुलीच्या आईला माहेर नाही, त्या आश्रमात वाढल्या, आणि मामाच्या जागी मी उभा आहे. मग ते म्हणाले, बरं झालं सांगितलंत, घरी विचारून कळवतो. त्यांनी कळवलं नाही.

एकदा मी खोटं लिहिलं, आणि ते खोटं निभावायची वेळ आली तेव्हा खरं बोललो. दोन्ही वेळा किंमत मी दिली नाही. फोन आला त्याच संध्याकाळी बायकोला सगळं सांगितलं होतं. ती रागावेल असं वाटलं होतं. तिनं पोळ्या लाटता लाटता ऐकून घेतलं आणि विचारलं, तुम्ही त्या बाईला भाऊ दिला, हे तिला सांगितलं का? मी नाही म्हटलं. मग उद्या रविवार आहे, जाऊन सांगा, एवढंच ती म्हणाली.

विदगावला तापी ओलांडली की रस्त्याच्या दोन्ही अंगांनी केळी लागते ती धानोरा, अडावद करत चोपड्यापर्यंत. घर शोधायला वेळ लागला नाही. ओट्यावर त्यांचे यजमान बसले होते, काठी शेजारी. त्यांनी पाय सावरत उठायचा प्रयत्न केला, मी नको म्हटलं. त्या आतून आल्या. मला बघून चेहऱ्यावर काही दिसलं नाही. मी काही बोलायच्या आत त्यांनी कोनाड्यातून सूचीचं पुस्तक आणलं. एका पानात जुन्या लग्नपत्रिकेचा तुकडा खूण म्हणून घातला होता.

म्हणजे त्यांना महिन्यापूर्वीच कळलं होतं. मग फोन का नाही केला, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, “मी समजनी, चुकीसन छपाई गयं. कोनी तरी येई नी खोडी जाई. म्हनून बोलनी नही.”

मी त्यांना सांगितलं की ती छपाईची चूक नव्हती. मीच लिहिलं. त्यांना न विचारता लिहिलं. आणि कायदाही समितीनं केला नव्हता, मी केला होता. ऑफिसात मी खोटं बोललो होतो. मग धुळ्याच्या फोनचं सांगितलं, आणि मी काय उत्तर दिलं तेही. मुलगी आतल्या दारात उभी राहून ऐकत होती. मला वाटलं आता कोणीतरी मला बोल लावेल, आणि लावले असते तर सोपं गेलं असतं. यजमान काठीकडे बघत राहिले. त्या बाई पुस्तकाच्या त्या पानावरून हात फिरवत होत्या, जणू तिथं कुठं धूळ होती. मग त्यांनी मान वर केली.

“लिखाले काय लागस, भाऊ? आखाजीले माले लेवाले येशात का?”

ज्यांना आमच्याकडची आखाजी माहीत नाही, त्यांना या प्रश्नाचं वजन कळणार नाही. अक्षय्य तृतीयेला आम्ही आखाजी म्हणतो. दिवाळीला लेक नाही आली तर चालतं, आखाजीला ती माहेरी आलीच पाहिजे. तिला आणायला भाऊ जातो, त्याला मुराळी म्हणतात. गल्लीतल्या सगळ्या सुना एकेक करून आपापल्या मुराळ्याबरोबर निघून जातात, आणि त्यांच्या जागी गल्लीच्या लेकी येतात. निंबाला झोके बांधतात, गाणी होतात. ज्या सुनेला न्यायला कोणी येत नाही, ती त्या दोन दिवसांत सगळ्यांच्या नजरेत येते. मला दोन सख्ख्या बहिणी आहेत, एक शिरपूरला, एक दीपनगरला. त्या दरवर्षी येतात, पण आणायला मी कधीच गेलो नाही. कामं असतात, बस असते, त्यांची त्या येतात. भाऊ असूनही मी तो रकाना कधी भरला नव्हता.

मी येतो म्हटलं. आखाजीच्या आदल्या दिवशी सकाळी दहापर्यंत येतो, असं वेळेसकट सांगितलं, कारण मला वेळ सांगायची खोड आहे. त्यांनी मान हलवली. त्यांचा विश्वास बसला की नाही, ते मला कळलं नाही.

मधल्या दिवसांत नानांकडे जाऊन आलो. नोंद खोटी आहे आणि मी जाणून केली, हे सांगितलं. ते म्हणाले की बैठकीत हा विषय ते काढणार नाहीत, पण यापुढे सूचीच्या फाईलला मी हात लावू नये. मला ते योग्य वाटलं. पुढच्या वर्षी पुन्हा एक फोटो भलत्याच माहितीवर छापला गेला, तेव्हा मला आनंद झाला नाही असं म्हणवत नाही. स्कीमात मामाच्या पुढे अजून तोच ‘कमीत कमी एक’ आहे. मुलीचं लग्न दोन वर्षांनी झालं, सूचीच्या वाटेनं नाही. ते सांगायची ही जागा नव्हे.

आखाजीच्या आदल्या दिवशी मी सकाळी सातलाच निघालो. बायकोनं पिशवीत नवं लुगडं, खण आणि नारळ दिला. तापीच्या पुलाच्या अलीकडे केळीनं भरलेला एक ट्रक आडवा झाला होता. दोन्ही बाजूंनी गाड्या अडकल्या. वैशाखाचं ऊन, बसमध्ये माहेरी निघालेल्या बायका आणि त्यांचे मुराळी, पोरांची रडारड. मी दोनदा फोन लावला, तो लागला नाही. नऊ वाजले, दहा, अकरा. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या उशिराचे हिशेब मागत आलो होतो. त्या बसमध्ये उभं राहून मला एकच भीती वाटत होती, की तिकडे दाराकडे बघत बसलेल्या बाईला आता काय वाटत असेल.

मी चोपड्याला त्यांच्या दारात पोचलो तेव्हा दोन वाजून गेले होते. गल्ली सामसूम होती. शेजारच्या घरासमोरच्या निंबाला झोका बांधून तयार होता, त्यावर अजून कोणी बसलं नव्हतं. ओट्यावर मुलगी एकटी होती. मला बघून ती उठली. मी विचारलं, आई कुठं आहे.

“आत आहे, मामा. पिशवी रिकामी करतेय,” ती म्हणाली. तिनं मला मामा म्हटलं ते तेव्हा पहिल्यांदा. मग आवाज खाली आणून ती म्हणाली, “आई दर आखाजीला पिशवी भरते. मला कळायला लागलं तेव्हापासून बघतेय. दोन लुगडी, फणी, कुंकवाची डबी. दुपारपर्यंत दाराशी ठेवते. गल्लीतल्या सगळ्या जणी गेल्या की आत नेऊन एकेक वस्तू काढून जागेवर ठेवते. आज तुम्ही येणार म्हणाला होतात, म्हणून जरा जास्त वेळ थांबली.”

मी उंबऱ्यात उभा राहिलो. आतल्या खोलीत अंधार होता, उन्हातून आल्यावर काही दिसत नव्हतं. पेटीचं झाकण उघडल्याचा आवाज आला. इतके दिवस मी त्यांच्याशी ऑफिसातली मराठी बोलत होतो, अहो-जाहो करत. आता तोंडात ती भाषा येईना. माझ्या गावची, माझ्या बहिणींशी बोलायची भाषा आली.

“ताई,” मी म्हटलं, “पिशवी परत भर. तुले लेवाले उनू मी.”

झाकणाचा आवाज थांबला. मग आतून फणी आणि डबी पिशवीत एकमेकांवर आपटल्याचा बारीक आवाज आला, आणि मी ओट्यावर बसून चारच्या बसची वाट बघू लागलो.